‘निघत नाही’ सर

उतेकर सरांचं लग्न एका वाक्यावरून मोडलं. वाक्य सरांचं नव्हतं, मुलीच्या मामांचं होतं. सरांनी ते फक्त तपासून पाहिलं.

पोलादपूरकडच्या एका घरी मुलगी पाहण्याचा कार्यक्रम होता. पोहे आले, मुलगी आली, खाली मान घालून बसली. मामा खुर्चीत सरसावून म्हणाले, “संस्कारी पोरगी मोठ्यांसमोर तोंड उघडत नाय. आता बघा, आमची आल्यापासून एक शब्द बोलली नाय.” पुढचं काय ते तुम्हीच ओळखा, अशा थाटात त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांनी हातातली बशी खाली ठेवली आणि अगदी नम्रपणे सांगितलं की यावरून मुलगी संस्कारी आहे असं निघत नाही. संस्कारी असेल तर बोलणार नाही, हे वादापुरतं मान्य. पण न बोलायला दुसरीही कारणं असू शकतात. घसा बसला असेल. किंवा मुलगा पसंत नसेल.

मुलीला हसू आवरेना. ती पदर तोंडाला लावून आत पळाली. मामा उठून ओटीवर गेले आणि परत आलेच नाहीत. सर आपले चालत एसटी स्टँडवर आले.

ही हकीकत त्यांनी स्वतःच मला सांगितली, वर्तमानपत्रातली बातमी सांगावी तशी. मी म्हटलं, “सर, ती हसली ना? म्हणजे तुम्ही तिला आवडला असणार.”

सर बराच वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, “आवडलो असेन तर ती हसेल. पण हसली म्हणून आवडलो, असं निघत नाही, मॅडम.”

ते निघावं असं त्यांना फार वाटत होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण नाही म्हणजे नाही.

महाडला एसटी स्टँडजवळ, औषधांच्या दुकानाच्या वर, आमचा क्लास आहे. पोलीस भरती, तलाठी, बँक, जी जाहिरात येईल तिची तयारी आम्ही करून घेतो. मी मराठी व्याकरण शिकवते आणि उतेकर सर बुद्धिमत्ता चाचणी. मुलं वीर, वरंध, पोलादपूर अशी लांबून लांबून येतात. बुद्धिमत्ता चाचणीत घड्याळं असतात, दिशा असतात, नातेसंबंध असतात. ते सगळं सर उरकून टाकायचे. त्यांचा जीव अडकलेला होता तो एकाच धड्यात, जर-तरच्या विधानांवरून निष्कर्ष काढण्याच्या.

फळ्यावर ते दरवर्षी एकच उदाहरण लिहीत. पाऊस पडला तर अंगण ओलं होतं. अंगण ओलं आहे. निष्कर्ष काय?

“पाऊस पडला,” सगळा वर्ग एका सुरात.

सर खडू ठेवून देत. घरात काही वाईट घडल्यासारखा त्यांचा चेहरा होई. मग हळूच म्हणत, “निघत नाही. कुणी सडा घातला असेल. पिंप उलटलं असेल. अंगण ओलं असण्याला पाऊसच लागतो असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

मग ते दुसरं उदाहरण देत. वरंधचा घाट बंद असेल तर भोरची एसटी येत नाही. आज एसटी आली नाही. घाट बंद आहे का? अर्धा वर्ग हो म्हणे, अर्धा गप्प बसे. सर सांगत, गाडी बिघडली असेल, ड्रायव्हर आजारी असेल, काही निघत नाही. पण समजा, एसटी आली. तर? तेव्हा एखादी मुलगी भीत भीत म्हणे, “म्हणजे घाट चालू आहे.” त्या क्षणी सरांचा चेहरा उजळे. “हे निघतं,” ते म्हणत. “इथं पाय ठेवायला जागा आहे. बाकी सगळीकडे माणूस घसरतो.”

मुलांनी त्यांचं नाव ‘निघत नाही सर’ असं ठेवलं होतं. संध्याकाळी कुणी चौकशीला आलं, सर निघाले का म्हणून, की मुलं जिन्यातून उत्तर देत, “ते कधी निघतात?” सरांना हे माहीत होतं. त्यांनी एकदा मला विचारलंही, की या विनोदात ‘निघणे’ हे क्रियापद दोन अर्थांनी वापरलंय ना? मी हो म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. मुलं व्याकरणात तरी तयार होतायत, म्हणाले.

क्लासचे मालक कदम. त्यांनी एकदा चौकात मोठा फलक लावायचं ठरवलं. वर ‘आमच्याकडे शिकाल तर यश नक्की’ असं वाक्य आणि खाली आम्हा शिक्षकांचे फोटो. सरांनी त्यातून आपला फोटो वगळायला लावला. हे वाक्य खरं ठरायचं तर आपल्याकडे शिकलेला एकही मुलगा नापास झालेला नको, आणि खाली रस्त्यावर उभं राहिलात तर दहा मिनिटांत तसले चार भेटतील, असं त्यांचं म्हणणं. कदम वैतागून म्हणाले की मग तुम्हीच सुचवा. सरांनी रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी वाक्य आणलं. ‘यशस्वी झालेल्यांपैकी काही जण आमच्याकडे शिकलेले आहेत.’ कदमांनी ते दोनदा वाचलं आणि चहा मागवला. फलक पहिल्याच वाक्यासह लागला. त्यावर माझा फोटो आहे, सरांचा नाही.

पण सरांचं खरं दुखणं पालकांचं होतं. डोंगरातल्या एका वाडीवरून एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. स्वच्छ धुतलेला सदरा, पायात चिखल. ते हात जोडून म्हणाले, “सर, पोरीनं अभ्यास केला तर लागंल ना भरतीत?”

दुसरा कुणीही हो म्हणाला असता. मीही म्हणते, रोज म्हणते. सर म्हणाले की अभ्यास केला नाही तर लागणार नाही, एवढंच सांगता येईल.

गृहस्थांनी ते नीट ऐकून घेतलं, मनात घोळवलं आणि आनंदाने म्हणाले, “म्हणजे केला तर लागंल.”

 सरांनी तिथेच कागद घेऊन त्या माणसाला समजवायला घेतलं, की दोन्ही वाक्यं सारखी दिसतात पण सारखी नाहीत. पहिल्यावरून दुसरं निघत नाही. त्या बापाच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरत गेला. शेवटी मुलीचा हात धरून ते खाली गेले आणि समोरच्या क्लासात नाव घालून आले. तिथे त्यांना हो म्हणणारं कुणीतरी भेटलं असणार.

“मी खोटं काय बोललो?” सरांनी मला विचारलं. मी म्हटलं, काहीच नाही. सरांनी स्वतः वय संपेपर्यंत परीक्षा दिल्या होत्या. अभ्यास त्यांच्याइतका केलेला माणूस मी पाहिला नाही. एकदा मुलाखतीपर्यंत पोचले, एकदा यादीत थोडक्यात खाली राहिले, मग वयाची अट आडवी आली. तेव्हा ‘केला तर लागेल’ हे वाक्य त्यांच्या तोंडून का निघत नाही, हे मला कळत होतं. त्या बापाला मात्र ते कळायचं कारण नव्हतं.

सरांचं असं माणूस म्हणजे एक आईच. वरंधच्या वर, डोंगराच्या पोटाशी काही घरांची वाडी आहे, तिथे ती एकटी राहायची. कोंबड्या, थोडी नाचणी, परसात पडवळाचा मांडव. वाडीतली कमावती माणसं मुंबईला, सणाला येणारी. आई कधीमधी जीपने महाडच्या बाजाराला उतरायची आणि मुलाला भाकऱ्या द्यायला क्लासात यायची. एकदा धडा चालू असताना आली आणि मागच्या बाकावर बसली. सर फळ्याकडे तोंड करून विचारत होते, अंगण ओलं आहे, निष्कर्ष काय? वर्ग गप्प. मागून आई म्हणाली, “मग पाय पुसून आत या, आणिक काय.” त्या दिवशी पुढे शिकवणं झालं नाही.

तळीयेला डोंगर खाली आला, घरं माणसांसकट गाडली गेली, त्यानंतर आमच्या भागात पावसाळ्याचा अर्थच बदलला. दर वर्षी तलाठी आणि ग्रामसेवक वाडीवर जाऊन सांगून येत, जोराचा पाऊस झाला तर खाली शाळेत या. लोक येत, दोन रात्री काढत, पाऊस ओसरला की परत जात. आई तेवढंही करायला कुरकुरायची. मग एका वर्षी घरांच्या वरच्या अंगाला जमिनीत भेग दिसली. सर रविवारी जाऊन ती पाहून आले. सोमवारी क्लासात आले तेव्हा त्यांचा रंग उतरला होता. भेगेत हात कोपरापर्यंत गेला, म्हणाले.

मग सुरू झाला मायलेकांचा वाद. तो मला तुकड्या-तुकड्यांनी, मधल्या सुट्टीत ऐकायला मिळायचा. आईचं म्हणणं, इतकी वर्षं डोंगर आला नाही, आता कशाला येईल? सरांचं उत्तर ठरलेलं. आजवर आला नाही, यावरून येणार नाही असं निघत नाही.

“मग येणार हाय, असं निघतं का?” आईने विचारलं.

सर मला सांगत होते आणि त्यांच्या आवाजात कौतुक होतं, भीतीही होती. “तेही निघत नाही, मॅडम. काय बोलणार? खोटं कसं सांगू तिला?”

मला वाटलं होतं, इथे तरी ते खोटं सांगतील. डोंगर येणारच, म्हणतील, आणि आईला घेऊन येतील. नाही सांगितलं. शेवटी त्यांनी आईपुढे एक वेगळं वाक्य ठेवलं. पाऊस संपेपर्यंत महाडला माझ्याकडे चल. पाऊस संपला तर तुला परत वाडीवर आणून सोडीन.

आई लगेच तयार झाली. शेजारणीला म्हणाली की माझा पोरगा ‘तर’ बोलला म्हणजे बोलला, तो उगाच बोलत नाय. ही शेजारीण म्हणजे भागाआजी. तिचा मुलगा परशा मुंबईला सिक्युरिटीत आहे, आणि तीही वाडीत एकटीच. भागाआजीनेच आईची एक कोंबडी टोपलीत घालून जीपपर्यंत आणून दिली.

सरांची खोली माझ्या घरापासून जवळ, पहिल्या मजल्यावर, एक खिडकी असलेली. घरमालकांनी टोपली पाहून विचारलं, कोंबडी ठेवणार का? सर विचारात पडले. ठेवायचा हेतू नाही पण ती आहे, असं काहीसं म्हणाले. घरमालकांनी कपाळाला हात लावला आणि विषय सोडला. सुरुवातीचे दिवस मजेत गेले. आईने नळ पाहिला, गॅस पाहिला, मुलाच्या वर्गात जाऊन बसली. संध्याकाळी माझ्याकडे येऊन सोललेले वाल निवडून द्यायची. सरांना तिच्या हातची भाकरी रोज मिळू लागली. त्यांच्या शर्टाची बटणं जागच्या जागी आली.

पण ती थांबल्यासारखी राहत होती, राहिल्यासारखी नाही. गाठोडं तिने सोडलंच नाही. लुगडं हवं असलं की गाठ सोडायची, लुगडं काढायची, पुन्हा गाठ मारून ठेवायची. संध्याकाळी एकदा तरी विचारायची, “पाऊस संपला का रं?”

पाऊस त्या वर्षी खूप झाला. नदीला पूर आला, दोनदा क्लास बंद ठेवला. डोंगर मात्र जागचा हलला नाही. भाद्रपद गेला, दसरा आला. सर एकटेच वाडीवर जाऊन आले. भेग आणखी लांबली होती आणि गोठ्यामागची जमीन खचली होती. वाडीतले उरलेले लोक खाली रस्त्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आले होते, भागाआजीसुद्धा. आईला शेडचं विचारलं तर ती म्हणाली, “शेड काय नि खोली काय. माझ्या घरी ने.”

आणि इथे उतेकर सर आयुष्यात पहिल्यांदा घसरले. आईने विचारलं, पाऊस संपला का? त्यांनी सांगितलं, “नाही आई. परतीचा आहे अजून.”

मी तिथेच होते. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

दिवाळी झाली. परतीचा पाऊस काही संपेना. तिकडे डोंगरात अजून पडतोय, सर सांगत. रस्ता खराब झालाय, सांगत. क्लासात ते पूर्वीसारखेच शिकवत होते, निघत नाही, निघत नाही. फक्त मधल्या सुट्टीत गप्प बसत. मी एकदा म्हटलं की सरळ सांगून टाका, तुमची आई समजूतदार आहे. सर म्हणाले, सांगितलं तर ती उद्या पहाटे चालत निघेल.

ते खरं होतं. तशी होती ती.

एका दुपारी ती माझ्याकडे आली होती. मागच्या दारी बसून वाल सोलत होती. माझ्या दोरीवर कपडे वाळत होते. तिने हात थांबवून बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग उठून एका चादरीला हात लावला.

“सकाळी धुतलीस?” तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

“सुकली.” ती परत येऊन बसली. “पावसात असं सुकत नाय गो.”

  वाल सोलून झाले, साली तिने पदरात गोळा केल्या, आणि जाताना मला म्हणाली, “त्याला नको बोलूस. घाबरा होतो.”

त्या संध्याकाळपासून तिने पाऊस संपला का हे विचारणं बंद केलं.

पुढे फार काही सांगण्यासारखं नाही. तिचं जेवण कमी झालं. माझ्याकडे येणं थांबलं, मग खिडकीशी बसणंही थांबलं. सरांनी दोन डॉक्टरांना दाखवलं. दोघांनी वयाचं कारण सांगितलं, टॉनिक दिलं. पौषातल्या थंडीत, सर दूध आणायला गेले असताना, ती गेली. गाठोडं उशाशी होतं. कोंबडी सरांनी भागाआजीला नेऊन दिली.

सर दहाव्यानंतर क्लासात आले. फळ्यावर तेच उदाहरण लिहिलं. अंगण ओलं आहे. निष्कर्ष काय? नवी मुलं म्हणाली, पाऊस पडला. सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “बरं,” आणि पुढचं गणित घेतलं. मुलं एकमेकांकडे पाहू लागली. एक मुलगी मला येऊन सांगून गेली, मॅडम, सर चुकीचं शिकवतायत. कदमांनाही कळलं. पण कदम भला माणूस आहे. त्यांनी काही महिने जर-तरचा धडा मला घ्यायला सांगितला. मी तो वाईट घेतला.

पुढचा पावसाळा आला. मला वाटत होतं, आता तरी तो डोंगर खाली यावा. हे बोलू नये, पण वाटत होतं. रिकाम्या घरांवर येऊ दे, कुणाला काही न होता येऊ दे, पण येऊ दे, म्हणजे या माणसाला म्हणता येईल की मी आईला वाचवलं होतं. दर रात्री पाऊस वाढला की मी कान देऊन पडायचे. डोंगर आला नाही. सर पावसानंतर वर जाऊन आले. घर उभं होतं. चार कौलं सरकली होती आणि परसात पडवळाचा वेल आपोआप उगवून मांडवावर चढला होता.

वाडीतल्या एका काकांनी त्यांना तोंडावर सांगितलं, म्हातारीला इथंच ठेवली असती तर आणखी धा वरसं जगली असती. जुने उतेकर सर असते तर त्या काकांचा तास घेतला असता. जे घडलंच नाही त्याच्यावरून काय काढता, म्हणाले असते. यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, “असेल, काका.”

हे त्यांनी मला क्लास सुटल्यावर रिकाम्या वर्गात सांगितलं. मी चिडले. मी म्हटलं की कशावरून? वय झालं होतं. वाडीवरही गेली असती. यातून काहीही निघत नाही, सर, तुम्हीच शिकवता.

“मॅडम,” ते म्हणाले, “जर-तरचं वाक्य खोटं पडायची एकच रीत असते. ‘जर’ खरं व्हावं लागतं आणि ‘तर’ घडायचं राहावं लागतं. दुसऱ्या कुठल्याही मार्गाने ते खोटं पडत नाही. पाऊस संपला. मी तिला नेलं नाही.” मग म्हणाले, “आणि तिला ते कळलं होतं.”

“कशावरून?”

“तिने विचारायचं थांबवलं.”

“त्यावरून कळलं होतं असं निघत नाही,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. “विसरली असेल. म्हातारी माणसं विसरतात. इथं रमली असेल. किती तरी कारणं असू शकतात.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात मुलांकडे बघत तसंच, कुठे चूक आहे ते शोधत. माझ्या युक्तिवादात चूक नव्हती. तो अगदी नियमाप्रमाणे होता. दोरीवरची चादर मी त्यांना तेव्हा सांगितली नाही आणि पुढेही सांगणार नाही. मला तसं बजावलेलं आहे.

“बरोबर आहे,” ते शेवटी म्हणाले. “निघत नाही.” आणि डस्टरने स्वच्छ असलेला फळा पुन्हा पुसायला लागले.

त्यानंतर सरांनी महाडची खोली सोडली. ते आता त्या शेडमध्ये, वाडीच्या लोकांबरोबर राहतात. रोज सकाळी जीपने क्लासला येतात, संध्याकाळच्या जीपने जातात. कदमांनी कारण विचारलं तर त्यांना नीट सांगता आलं नाही. मी एका रविवारी पाहायला गेले. पत्र्याची रांग, पुढे ओटा म्हणून मातीचा बांध, तिथे म्हाताऱ्या बाया बसलेल्या. सर त्यांच्यात बसून एकेकीला मोबाइलवर फोन लावून देत होते. मुंबईचे मुलगे कामावर असत, फोन उचलत नसत. सर पुन्हा लावत.

शिमगा जवळ आला होता. भागाआजी सुपात तांदूळ पाखडत होती. तिने हात न थांबवता विचारलं, “परशा येल का रं शिमग्याला?”

परशाने फोन उचलला नव्हता. मागच्या शिमग्याला तो आला नव्हता, त्याच्या आधीच्याही नाही. हे सरांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि म्हातारीला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

“येईल,” सर म्हणाले.

 ‘जर’ नाही, ‘तर’ नाही. नुसतं ‘येईल’. म्हातारी तांदूळ पाखडत राहिली, पण तिचे खांदे जरा सैल झाले. परतताना मी विषय काढला नाही. सरांनीही काढला नाही. जीप येईपर्यंत ते मला समोरचा डोंगर दाखवत राहिले, भेग कुठून कुठपर्यंत गेलीय ते.

होळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी सरांना फोन केला. सणाच्या शुभेच्छा द्यायला म्हणून, पण खरं कारण वेगळं होतं. फोन लगेच उचलला गेला.

“आला का परशा?” मी विचारलं.

“नाही,” सर हळू आवाजात म्हणाले. “मी जेवायला बसलोय तिच्याकडे.”

मागे भांड्यांचा आवाज येत होता. मग म्हातारीचा, जवळून, रागावलेला.

“फोन ठेव आधी. पोळी निवली.”